ऑडिटच्या यादीत नसलेला कारखाना आणि माझी सही

प्रश्न : सुईदोरा

मी मुंबईतील एका निर्यात कंपनीत मर्चंडायझर, म्हणजे ग्राहकाची ऑर्डर वेळेत पूर्ण करून घेणारी, आहे. पॅरिस आणि मिलानच्या बड्या ब्रँडसाठी आम्ही हाताचे भरतकाम करून देतो. या वेळी मुदत पाळण्यासाठी निम्मे काम गोवंडीतील एका माळ्यावरच्या कारखान्याला दिले गेले आणि त्याचे नाव ग्राहकाला दिलेल्या यादीत नाही. मी तेथे गेले, तेव्हा एका अड्ड्यावर, म्हणजे भरतकामासाठी कापड ताणून बांधायच्या चौकटीवर, सहा कारागीर बसले होते. रात्री तोच अड्डा भिंतीला उभा करून ते त्याच जागी झोपतात, आणि उतरायला लाकडी जिना एकच आहे. पुढच्या आठवड्यात ग्राहकाचे ऑडिट, म्हणजे कारखान्यांची तपासणी, आहे. सर्व काम आमच्याच छताखाली झाले, अशा पत्रकावर मी सही करावी आणि मग विभागप्रमुखपद माझेच, असे मला सुचवण्यात आले आहे. नऊ वर्षे मी याच पदासाठी राबले आहे. खरे सांगितले, तर ऑर्डर जाईल आणि त्या सहा जणांची रोजीही बुडेल. मी काय करावे?

प्रतिसाद : मिलानकर

कृपया सही करू नका. जून २०२४ मध्ये येथील, मिलानच्या, न्यायालयाने दिऑर या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या एका उत्पादक उपकंपनीवर न्यायालयीन प्रशासक नेमला. पुरवठादारांच्या कारखान्यांत कामगार तेथेच झोपत होते आणि वेग वाढवण्यासाठी यंत्रांवरील सुरक्षेची साधने काढलेली होती. दुकानात २,६०० युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जोडणीसाठी पुरवठादाराला, कच्चा माल वगळता, ५३ युरो मिळत होते. उपकंपनीवर फौजदारी आरोप नव्हता; पुरवठादारांवर पुरेशी देखरेख ठेवली नाही, हा ठपका होता. देखरेख झाली हे दाखवणारा कागद म्हणजेच तुमच्यापुढचे पत्रक, आणि प्रकरण उघडकीस आले, तर त्याखाली नाव तुमचे असेल.

प्रतिसाद : जुना हिशेबनीस

रोजी बुडण्याची तुमची भीती खरी आहे, कारण अशाच एका कारखान्याचा हिशेब मी बारा वर्षे सांभाळला आहे. पण यादीत नसलेल्या कारखान्याचे काय होते, तेही पाहा. खाका, म्हणजे कापडावर उतरवलेली नक्षी, जरासा सरकला म्हणून माल परत आला, तर ती मजुरी कारागिराच्या अंगावर पडते, आणि काम आमच्याकडे झालेच नव्हते, असे म्हणायला काम देणारा मोकळा असतो. मुंबईच्या भरतकाम कारागिरांसाठी काही युरोपीय ब्रँडनी २०१६ मध्ये ‘उत्थान’ नावाचा करार केला होता, परंतु तो कायद्याने बंधनकारक नव्हता. आमच्यासारख्या कारखान्याचे नाव लपवू नका. ते यादीत घाला आणि मुदत वाढवून मागा. हे काम बाहेर जाते, कारण तारीख ठरवणाऱ्याने अड्ड्यावर लागणारे दिवस मोजलेलेच नसतात.

सुईदोरा

मी पत्रकातील ते वाक्य खोडले, कारखान्याचे नाव आणि पत्ता लिहिला, दुसरा जिना होईपर्यंत तेथे कोणी झोपू नये, अशी नोंद केली आणि एक प्रत स्वतःकडे ठेवली. वरिष्ठांनी पत्रक ठेवून घेतले आहे. अजून उत्तर आलेले नाही.