पावसाळ्यात लहान फायबर होडी किनाऱ्यावर कशी ठेवावी?

प्रश्न (आंजर्ले / पुणे)

आंजर्ल्याला आमच्या वडिलोपार्जित घरी, जोग नदीच्या खाडीकाठी, आम्ही या हंगामात १६ फुटी उघडी फायबर होडी आणि ९.९ अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे आऊटबोर्ड इंजिन घेतले आहे. मासेमारी हा आमचा व्यवसाय नाही. सुट्टीत खाडीत फिरावे, गळ टाकून बसावे, एवढाच तिचा उपयोग. मी पुण्यात नोकरीला असल्यामुळे जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत, किंबहुना गणपतीपर्यंत, होडीकडे पाहायला घरी फक्त माझे काका असतील आणि त्यांचे वय पाहता त्यांच्यावर रोजचे काम टाकणे मला योग्य वाटत नाही.

गावात दोन प्रकारचे सल्ले मिळाले. काहींच्या मते फायबरला पावसाने काहीच होत नाही, त्यामुळे होडी वाडीत आणून माडाला बांधली की पुरे. दुसरे म्हणतात की लाकडी होड्यांप्रमाणे तीही नीट शाकारली पाहिजे. इंजिनासोबत आलेल्या पुस्तिकेत हिवाळ्यातील साठवणुकीचे एक प्रकरण आहे, परंतु त्यात पाणी गोठून इंजिनाचे भाग तडकण्याचीच काळजी अधिक दिसते. ते प्रकरण आपल्याकडे कितपत लागू पडते? होडी सुलटी ठेवावी की पालथी, आच्छादन कशाचे असावे आणि इंजिनाचे काय करावे, याबद्दल अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १ (हर्णै)

फायबरला काही होत नाही, हे अर्धसत्य आहे. पाऊस वरून पडून वाहून गेला, तर खरोखरच काही होत नाही. नुकसान होते ते साठलेल्या पाण्याने आणि कोंडलेल्या ओलाव्याने. हिशोब करून पाहा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. आपल्या उघड्या होडीचे क्षेत्र ६ चौरस मीटर धरले, तरी २०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात तिच्यात १,२०० लिटर, म्हणजे १,२०० किलो पाणी जमा होईल, आणि दापोली तालुक्याला असे दिवस नवीन नाहीत. रिकाम्या होडीच्या कितीतरी पट असलेला हा भार जमिनीवर टेकलेल्या तळाने पेलावा अशी तिची रचनाच नसते. पाण्यावर असताना तिला चहूबाजूंनी आधार असतो, जमिनीवर तो दोन-तीन जागीच मिळतो.

म्हणून पहिले काम, मागच्या बाजूचे बूच काढून ठेवणे आणि नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, बाजू वीतभर उंच करणे, म्हणजे आच्छादनातून झिरपलेले पाणीही आपोआप निघून जाईल. बुचाच्या भोकात पालापाचोळा अडकू नये म्हणून आतून जाळीचा तुकडा लावावा. होडीचा भार तळाच्या मधल्या कण्यावर आला पाहिजे. कण्याखाली तीन ठिकाणी जांभ्याचे चिरे आणि त्यांवर लाकडी ठोकळे ठेवावेत. लाकूड थेट मातीवर ठेवले, तर वाळवी लागते. दोन्ही बाजूंना जुने टायर लावावेत, परंतु ते होडी कलंडू नये एवढ्यापुरतेच, भार घेण्यासाठी नव्हे. पालथी घालणे हा १० फुटांच्या हलक्या होडीला उत्तम उपाय आहे, पण १६ फुटी होडी उलटवताना कडा तडकण्याची भीती अधिक असते, म्हणून आपण सुलटीच ठेवावी.

जागा निवडताना माडाखालची जागा पूर्णपणे टाळावी. पावसाळी वाऱ्यात वरून सुटलेला नारळ किंवा ओली झाप फायबरला सहज भेग पाडते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या भागातील माडा-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या, हे आपल्या काकांनी पाहिलेच असेल. त्याच कारणाने होडी झाडाला बांधण्यापेक्षा जमिनीत पुरलेल्या खुंट्यांना बांधावी. खाडीकाठी केवळ उधाणाच्या भरतीची रेषा पाहून चालत नाही. नदीला पूर असताना भरती आली की पाणी त्या रेषेच्या पुष्कळ वर चढते. होडी वर आणायचीच आहे, तर मेच्या उत्तरार्धातील अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या उधाणाला आणावी, म्हणजे पाणीच तिला वरपर्यंत पोहोचवते आणि ओंडक्यांवरून ओढण्याचे अंतर कमी होते. वर घेतल्या दिवशीच तळाला चिकटलेली कवचे ओली असतानाच लाकडी पट्टीने खरवडून काढावीत. एकदा वाळली की ती निघताना वरचा रंगाचा थरही सोबत घेऊन येतात.

एका जागेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि ती म्हणजे इंजिन अडकवण्याची मागची फळी. वरून फायबर दिसत असले, तरी पुष्कळ होड्यांत तिच्या आत प्लायवूड असते. बोल्टच्या भोकांतून पावसाचे पाणी आत झिरपले की प्लायवूड आतल्या आत कुजते आणि बाहेरून वर्ष-दोन वर्षे काहीच कळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर सर्वत्र ठोकून पाहावे. टणक आवाज येत असता एखाद्या जागी बद्द आवाज आला, तर तिथे ओल शिरली आहे असे समजावे. इंजिन उतरवल्यावर ती भोके सागरी वापराच्या सीलंटने बुजवावीत. तळावरचे खोल ओरखडेही मेमध्येच भरून घ्यावेत, कारण जुलैच्या दमट हवेत रेझिन नीट घट्ट होत नाही.

प्रतिसाद २ (देवगड)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. आच्छादनाविषयी थोडी भर घालतो. आमच्याकडे लाकडी होड्या अजूनही विणलेल्या झापांनी शाकारतात आणि माझ्या मते फायबरलाही तेच उत्तम, कारण झापांखाली पाणी येत नाही आणि वाराही कोंडत नाही. प्लास्टिकची ताडपत्री होडीच्या अंगावर थेट पसरली, तर खाली कायम घाम धरतो, रंगावर फोड येतात आणि फळ्यांवर बुरशी चढते. झाप विणणारे माणूस मिळत नसेल, तर ताडपत्री वापरावी, परंतु ती घराच्या छपरासारखी घ्यावी: नाळेपासून मागच्या फळीपर्यंत बांबूचे आढे, त्यावरून दोन्हीकडे उतरता पदर आणि पुढची-मागची तोंडे उघडी. पदर होडीच्या कडेला न बांधता तिच्या तळाखालून दोरी घेऊन दोन्ही बाजूंचे पदर एकमेकांना जोडावेत. दोरी जिथे कडेवर घासते, तिथे जुन्या गोणपाटाची घडी घालावी, नाहीतर दोन महिन्यांच्या वाऱ्यात ती रंगाला चर पाडते.

ज्यांची होडी लाकडी आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेले पावसाचे गोडे पाणी अधिक कुजवते; शाकारण्यापूर्वी लाकूड पूर्ण सुकवून उंडीच्या तेलाचा हात देण्याची जुनी रीत आजही तितकीच उपयुक्त आहे.

प्रतिसाद ३ (रत्नागिरी, इंजिनदुरुस्ती)

पुस्तिकेतील प्रकरण अवश्य पाळावे. त्यातील पाणी गोठण्याचा भाग कोकणात लागू नाही, परंतु बाकी जवळजवळ सर्व सूचना लागू आहेत, कारण थंड देशांत आणि इथे इंजिन बंद राहण्याचा काळ सारखाच लांब आहे आणि आपल्याकडे त्यात खाऱ्या दमट हवेची भर पडते.

शेवटच्या फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा-पंधरा मिनिटे चालवून आतील मीठ धुऊन काढावे. ते चालू असतानाच पेट्रोलची नळी सोडावी, म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेल; मग कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून राहिलेले थेंबही काढावेत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. असे पेट्रोल दोन-तीन महिने टाकीत राहिले, तर पाणी तळाशी बसते आणि बारीक छिद्रे चोंदतात. टाकी रिकामी करून ते पेट्रोल लगेच वापरून टाकावे. त्यानंतर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे, दोरी हळूच दोन-चार वेळा ओढावी आणि प्लग परत बसवावा.

गिअर ऑइल पावसाळ्यानंतर बदलू, असे पुष्कळ लोक म्हणतात. ते आधीच बदलले पाहिजे. निघालेले तेल दुधाळ दिसले, तर सील गळून आत पाणी शिरलेले असते आणि तेच पाणी सगळा पावसाळा बेअरिंगला गंज चढवत राहते. पंखा काढून त्याच्या दांड्याभोवती तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळली गेली आहे का, हे पाहावे. सील फाटण्याचे ते नेहमीचे कारण आहे. दांड्याला ग्रीस लावूनच पंखा परत चढवावा. इंजिनाला गंजापासून वाचवण्यासाठी लावलेला जस्ताचा तुकडा निम्मा झिजला असेल, तर नवीन लावावा. त्यावर रंग मात्र कधीही देऊ नये.

इंजिन घरात लाकडी घोडीवर उभेच ठेवावे, जेणेकरून आतील पाणी निथळेल. आडवे ठेवल्यास फोर-स्ट्रोक इंजिनातील तेल सिलिंडरमध्ये उतरू शकते. वरून सुती चादर टाकावी, प्लास्टिक नको. नळ्या आणि वायर उंदरांच्या आवडीच्या असतात, म्हणून जागा स्वयंपाकघराजवळची नसावी.

प्रश्नकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. माडाखालची जागा ठरली होती, ती आता बदलतो. एक शंका राहिली आहे: काकांनी किती दिवसांनी आणि नेमके काय पाहावे, की त्यांना चढ-उतार करावी लागू नये?

प्रतिसाद १ (हर्णै)

आठवड्यातून एकदा आणि मोठ्या पावसा-वाऱ्यानंतर एकदा, एवढे पुरेसे आहे. बुचाच्या भोकातून पाणी येणे थांबले आहे ना, हे बाहेरूनच दिसते. पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी ते झिरपत असेल, तर वरचे आच्छादन कुठेतरी फाटले आहे. ताडपत्रीत खोलगट भागी पाणी साठले असेल, तर ते काठीने खालून उचलून ओतून द्यावे, कारण तिथे डासही होतात. चिरे खचून होडी एका अंगाला झुकली असेल, तर मात्र काकांनी स्वतः काही न करता दोन माणसे बोलवावीत.

काढलेले बूच इंजिन बंद करण्याच्या लाल दोरीला आजच बांधून ठेवावे. ती दोरी लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, त्यामुळे निदान इंजिन सुरू करण्यापूर्वी तरी बूच हातात येईलच.