कॅलेडियमची पानं गळू लागली आहेत, कंद काढू की राहू देऊ?

पुण्यात तळमजल्यावर राहते. अंगणात आंब्याखाली ऊन जेमतेम सकाळचं तासभर येतं. तिथे गुलाब, जास्वंद काही टिकेना, म्हणून मागच्या पावसाळ्यात कॅलेडियमचे आठ कंद लावले. पांढरी पानं हिरव्या शिरांची, काही गुलाबी, एक लाल शिरांचं. तो अंधारा कोपरा चार महिने इतका उजळला होता की येणारा प्रत्येक जण आधी तिकडेच वळायचा.

नोव्हेंबरात पानं माना टाकायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून रोज घातलं. जानेवारीत उकरून पाहिलं तर पाच कंद कुजून लगदा झालेले. फार वाईट वाटलं. उरलेले तीन यंदा जूनमध्ये फुटले, पण आता पुन्हा पानं पिवळी पडताहेत. हे तीन मला गमवायचे नाहीत. माती काळी, चिकट आहे. काय करू?

आणखी एक. शेजारची दोन वर्षांची मुलगी अंगणात खेळते. पानं अळूसारखी दिसतात, तोंडात घातली तर?

उत्तर
ताई, झाड मरत नाहीये, थंडी लागली की कंद विश्रांतीला जातो. त्या काळात पाणी म्हणजे कूज, आणि काळी माती तर पाणी धरूनच ठेवते. तुमच्या जागी मी कंद काढलेच असते. आधी पाणी हळूहळू बंद करा. हिरवी पानं कापू नका, पिवळी होऊन आपण होऊन गळू द्या. त्यांच्यातलं अन्न कंदात उतरतं. मग कंद काढून माती नुसती झटका, धुऊ नका. आठवडाभर सावलीत वाळवून कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), घरातल्या उबदार जागी ठेवा. फ्रीजमध्ये अजिबात नको. मे अखेरीस माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत कालवून, डोळे वर ठेवून दोन इंच खोल लावा.

मुलीचं मात्र मनावर घ्या. हे अळूच्याच कुळातलं, पण खायचं नव्हे. चिंच घालून शिजवलं तरी नाही. चावलं तर तोंडात आग होते, जीभ-ओठ सुजतात. जमिनीऐवजी कुंड्यांत लावून त्या उंचावर ठेवता आल्या तर उत्तम. कंद हाताळताना हातमोजे घाला.

धागाकर्ती
मनापासून आभार! तीन आठवडे थांबून आज काढले. तिन्ही टणक आहेत, आणि लाल शिरांच्या कंदाला दोन पिल्लं धरली आहेत. पुढच्या वर्षी सगळे कुंड्यांत, कट्ट्यावर.