सरकारी वसाहतीच्या पुनर्विकासाला सल्लागार नेमतायत, रहिवाशांनी आत्ता काय मागून घ्यावं?

सातपूरवाला

नमस्कार मंडळी. आमची वसाहत नाशिकला सातपूरच्या बाजूला, जुनी, तळमजला अधिक तीन, जमीन अजूनही सरकारीच आहे. नाव मुद्दाम टाकत नाही. आता पुनर्विकासासाठी सल्लागार नेमायची निविदा निघणार असं कळलंय आणि तेव्हापासून वसाहतीत रोज रात्री ओट्यावर मीटिंग. अर्धे लोक टॉवर, लिफ्ट, टू बीएचके असं बोलायला लागलेत, एकाने तर कोणत्या मजल्यावर घ्यायचं तेपण ठरवलंय, आणि बाकीचे म्हणतात आधी आहे ते पडू नये एवढं बघा. आमच्या जिन्याजवळ छज्ज्याचं प्लास्टर पडून गज उघडे झालेत, खालून वाशांचा टेकू दिलाय आणि त्याच वाशांना दोरी बांधून खालच्या आजी कपडे वाळत घालतात.

तर विचारायचं असं की हा सल्लागार नेमकं करतो काय, तो शेवटी बिल्डरचाच माणूस निघतो का, आणि आम्ही वर्गणी काढून आपला वेगळा नेमावा का? जाणकारांनी सांगा, राजकारण नको.

टेंडर_काका

राजकारण नको म्हणता पण विषय तोच आहे हो 😀 असो. मी सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केली, अशा फाइली भरपूर हाताखालून गेल्यात. एक लक्षात ठेवा, सल्लागाराला जे विचारलं जातं तेवढ्याचंच उत्तर तो देतो. निविदेत "कार्यकक्षा" नावाचा भाग असतो, म्हणजे सल्लागाराने कोणकोणती कामं करायची याची यादी, दोनचार पानांची, लोक ती सोडून फी किती आणि कंपनी कोणाची हेच बघत बसतात. त्यात "पुनर्विकासाचा आराखडा तयार करणे" एवढंच लिहिलं असेल तर दुरुस्ती करून वीस वर्षं भागेल का हा हिशोब कोणी करणारच नाही, कारण त्याचे पैसेच ठरलेले नाहीत. म्हणून मागायचं असेल तर आत्ता मागा. वर्कऑर्डर (काम सुरू करायचा आदेश) निघाली की मग "सूचना चांगली आहे, पण कार्यकक्षेत नाही" हे ऐकायची तयारी ठेवा.

दुसरं फीचं. फी प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्केवारीत असेल तर प्रकल्प लहान करण्यात सल्लागाराला काय रस? चोर असलाच पाहिजे असं नाही, पण माणूसच आहे तो. त्यापेक्षा टप्प्यावार ठरावीक रक्कम बरी. आणि टप्पे कसे पाडलेत तेपण बघा. बहुतेक पैसे अहवाल सादर केल्यावरच द्यायचे असतील तर अहवाल जाडजूड येतो, रंगीत चित्रं, झाडं, झाडाखाली सायकल चालवणारं पोरगं, आणि बिल निघालं की सल्लागार मोकळा. रहिवाशांच्या हरकती ऐकून त्यावर लेखी उत्तर दिल्यावरच शेवटचा हप्ता, ही अट घालता येते.

मिसळ_आणि_पाव

सिंहस्थ २०२७ मुळे निम्मे सल्लागार सध्या नाशकातच मुक्कामी आहेत, एखादा जाताजाता सातपूरला पण पाठवा म्हणावं 😂

गंगापूररोड_आर्की

मी आर्किटेक्ट आहे, सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कामं करते, काकांशी सहमत. "तो बिल्डरचा माणूस असतो का" याचं उत्तर असं की असू नये, आणि निविदेत तशी अट टाकता येते. म्हणजे जी कंपनी व्यवहार्यता अहवाल (प्रकल्प पैशात बसतो का याचा हिशोब) करेल तिने किंवा तिच्या भागीदारांनी पुढे त्याच जागेवर बिल्डरच्या बाजूने काम करायचं नाही. साधी अट आहे पण नसली की गडबड होते, कारण आतली सगळी मोजमापं, कोण सही करणार कोण अडून बसणार, सगळं त्या कंपनीला माहीत असतं.

निवड नुसत्या कमी दरावर होतेय का तेपण बघा. सल्लागारासाठी गुणवत्ता आणि दर दोन्ही धरून मार्क द्यायची पद्धत सरकारी नियमातच आहे, क्यूसीबीएस म्हणतात, बऱ्याचदा ७०-३० किंवा ८०-२० असं वजन ठेवतात. पण गुणवत्तेच्या त्या ७० मार्कांत "किती कोटींची कामं केली" यालाच सगळे गुण दिले तर रस्ते आणि उड्डाणपूलवाली मोठी कंपनी येते, लोक राहत असलेल्या वसाहतीत काम केल्याचा अनुभव शून्य.

आता खरा मुद्दा, जो नाशिकला मुंबईपेक्षा वेगळा आहे. मुंबईत जुन्या लोकांना मोफत घर मिळतं ते वरच्या विक्रीच्या फ्लॅटवर. सिमेंट, स्टील, लिफ्ट याचा खर्च इथेही जवळपास तेवढाच येतो पण विकायचा भाव कुठे मुंबईचा आणि कुठे सातपूरचा. डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर ही राज्याची बांधकाम नियमावली आली, एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण वाढलं, पण कागदावरचा एफएसआय विकला गेला पाहिजे ना! नाही विकला तर तूट निघणार कुठून? एकतर घरं लहान होणार, नाहीतर मजले वाढणार, नाहीतर सरकारने स्वतःचे पैसे घालायचे. तेव्हा सल्लागाराकडून तीन हिशोब शेजारीशेजारी मागा: दुरुस्ती, लिफ्टशिवाय आहे तेवढ्याच उंचीची नवी बांधणी, आणि टॉवर. प्रत्येकात तूट किती, ती कोण भरणार, आणि फ्लॅटचा भाव २० टक्क्यांनी पडला तर काय होईल.

विक्रोळीचा_जावई

माझं सासर म्हाडा कॉलनीतलं, पुनर्विकास होऊन टॉवरमध्ये गेलेत. घर छान आहे, हवा छान आहे, खोटं कशाला बोलू. पण आधी पाण्याचे नि झाडलोटीचे मिळून किरकोळ पैसे जायचे, आता दोन लिफ्ट, फायर पंप, जनरेटर, वॉचमन, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), आणि सासऱ्यांची पेन्शन तेवढीच. कॉर्पस, म्हणजे मेंटेनन्ससाठी एकरकमी ठेव, दिला होता बिल्डरने, व्याजात भागेल म्हणाला होता, भागत नाही. शेजारच्या दोन घरांनी भाड्याने देऊन स्वतः बदलापूरला खोली घेतली. तर अहवालात "ताबा मिळाल्यानंतर दर महिन्याला प्रत्येक घरामागे मेंटेनन्स किती" हा आकडा मागून घ्या, आमच्याकडे तो कोणी विचारलाच नव्हता.

आणि सरकारने स्वतः पैसे घालायचं म्हणाल तर वरळीच्या बीडीडी चाळी बघा, १६० फुटाच्या खोलीला ५०० फुटाचं घर, म्हाडाने स्वतः ठेकेदार नेमून बांधलं, पहिल्या ५५६ जणांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. पण ती वरळी आहे राव.

टेंडर_काका

उलटं उदाहरणही बघा, धारावी. २००४ साली सल्लागाराच्या आराखड्यावर सरकारने योजना मंजूर केली, मग सेक्टर पाडले, टेंडरं काढली, रद्द केली, आणि विकासक ठरला तो नोव्हेंबर २०२२ च्या बोलीत. त्या मधल्या काळात तिथली पोरं मोठी होऊन बापं झाली. निर्णय घेणारा पक्का नसेल तर सल्लागार कितीही हुशार आणा, फाइल फिरतच राहते.

सातपूरवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण राहिली, ती खरंतर आधीच लिहायला हवी होती पण संकोच वाटला. आमच्यासारखी बरीच घरं आहेत जिथे रूम मूळ मालकाकडून मुखत्यारपत्र आणि स्टॅम्पपेपरवर घेतलीय. वडिलांनी पूर्ण पैसे दिले, बाकी राहिलेले हप्तेही त्यांनीच भरले, पण कागदावर नाव अजून त्या माणसाचं आणि तो गावी वारला. कोण राहतं ते नोंदवायला सल्लागाराचे सर्व्हेवाले आले तर आम्ही कोण? शेजारचे म्हणतात सर्व्हेच होऊ द्यायचा नाही, दारं लावून बसायचं.

कोर्टाच्या_पायरीवर

दारं लावून बसू नका, "घर बंद" असा शेरा पडतो आणि नंतर तो शेरा काढायला वर्ष जातं. मुखत्यारपत्राच्या व्यवहाराने मालकी येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय, त्यामुळे आशेवर राहू नका, पण याचा अर्थ तुम्ही रस्त्यावर असाही नाही. मूळ वाटपपत्र, हप्त्यांच्या पावत्या, वडिलांच्या नावाचं लाइटबिल, घरपट्टी, रेशनकार्ड, सगळं एका फाइलीत लावा, आणि मूळ मालकाचे वारस सापडत असतील तर आत्ताच गाठा, पुनर्विकासाची बातमी गावापर्यंत पोचली की भाव वाढतो.

आणि सल्लागाराच्या सर्व्हे फॉर्ममध्ये फक्त "मूळ लाभार्थी" आणि "अनधिकृत" असे दोनच रकाने नसावेत. "हस्तांतरण प्रलंबित" हा तिसरा रकाना मागा. फॉर्म टॅबवर भरतात, ड्रॉपडाउनमध्ये जो पर्याय नाही त्यात माणूस बसत नाही, इतकं साधं आहे ते. भरलेल्या फॉर्मची प्रत सहीसकट त्याच दिवशी घरात राहणाऱ्याला द्यायची हेही लिहून घ्या.

गंगापूररोड_आर्की

वेगळा सल्लागार नेमावा का ते राहिलंच. सोसायटी स्वतः पुनर्विकास करत असेल तर सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९ चा जीआर लागू होतो, त्यात आर्किटेक्ट किंवा पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) सोसायटीच नेमते. तुमच्याकडे जमीनमालक सरकार आणि नेमणूकही तेच करणार, म्हणून तो रस्ता जसाच्या तसा चालणार नाही. पूर्ण पीएमसीसाठी वर्गणी काढू नका, परवडणार नाही. इमारतीची मजबुती तपासणारा एक स्ट्रक्चरल इंजिनिअर मात्र स्वतःचा घ्या. कारण त्यांच्या ऑडिटमध्ये इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरली की खाली करायची नोटीस येते आणि मग बाकीच्या चर्चेला काही वजनच राहत नाही. कॉंक्रीटचे नमुने कुठून काढले, किती काढले, हे बघायला तुमचा माणूस हजर पाहिजे. आणि तो टेकूवाला छज्जा आहे त्याचं पुनर्विकासासाठी थांबू नका, आजींना आधी दोरी दुसरीकडे बांधायला सांगा 🙏

सातपूरवाला

सांगतो, ऐकल्या तर 😅 ह्या रविवारी मीटिंग आहे, काकांचे आणि ताईंचे मुद्दे प्रिंट काढून नेतो. पत्र कोणाच्या नावाने द्यायचं?

टेंडर_काका

निविदा ज्या कार्यालयाची त्याच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावाने, खाली प्रत वरिष्ठांना आणि तुमच्या नगरसेवकाला. प्रत्येक इमारतीतल्या दोघांच्या तरी सह्या घ्या, टॉवरवाल्यांच्या पण आणि टेकूवाल्यांच्या पण. आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर त्याच नंबरवर माहिती अधिकारात कार्यकक्षेची प्रत मागा. आणि मीटिंगमध्ये काय ठरलं ते इथे टाका.