विंडोजला रामराम ठोकला, पण ट्राडोसचं काय करायचं?

कुळागरकर (फोंडा), धागाकर्ता

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या भाषांतरवाल्या मंडळींत पांगापांग झाली. कोणी नवा लॅपटॉप घेतला, कोणी मॅककडे वळलं, माझ्यासारखे काही लिनक्सवर येऊन सुखाने बसले. सुख टिकलं ते एजन्सीकडून कामाच्या फायलींचं पहिलं पॅकेज येईपर्यंत. ट्राडोस स्टुडिओ आणि मेमोक्यू ही भाषांतरवाल्यांची सॉफ्टवेअरं, म्हणजे कॅट टूल्स; दोन्हींची डेस्कटॉप आवृत्ती फक्त विंडोजवर चालते. एजन्सी पाठवते ते ट्राडोसचं पॅकेज आणि परत मागते तेही त्याच रूपात. गोव्यात बसून मराठी-कोकणीचं काम करणाऱ्याने त्यांना ‘दुसरं टूल वापरा’ सांगावं आणि त्यांनी ऐकावं, हे व्हायचं नाही. आपला दर ते ऐकत नाहीत, टूल कुठलं ऐकतील?

माझं मत सरळ आहे. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) उभं करा, त्यात विंडोज टाका, त्यात कॅट टूल टाका, आणि बाकीचं सगळं आपल्या आवडीच्या सिस्टीमवर करा. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणाऱ्या वाईनच्या नादी लागू नका. ट्राडोस मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट फ्रेमवर्कवर उभं आहे, त्याला खरंखुरं विंडोजच लागतं. एखादी खिडकी उघडली म्हणजे काम चाललं असं होत नाही.

व्हीएमचा मोठा फायदा म्हणजे स्नॅपशॉट, आहे त्या स्थितीची जपून ठेवलेली प्रत. काम अर्ध्यावर असताना टूलचा अपडेट आला की प्रत्येकाच्या पोटात गोळा येतो. इथे आधी स्नॅपशॉट घ्यायचा, मग अपडेट करायचा. बिघडलं तर मागे यायचं. तीच गोष्ट जुन्या फॉन्टांची. गोव्यातल्या छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून अजून श्री-लिपीतल्या फायली येतात. त्या युनिकोडमध्ये नेल्याशिवाय टीएमला (आधीच्या भाषांतरांच्या साठ्याला) त्यातलं अक्षर कळत नाही, आणि रूपांतराची कितीतरी साधनं विंडोजवरचीच आहेत. तीही त्याच खोक्यात पडून राहतात, रोजच्या मशीनवर घाण होत नाही.

दोन पथ्यं मात्र पाळा. होस्टची (मूळ यंत्राची) रॅम १६ जीबी असावी, त्यातली ८ गेस्टला (आतल्या व्हीएमला) द्यावी. याखाली जाऊ नये. आणि टीएम दोघांच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका. ट्राडोसची टीएम फाइल म्हणजे आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस असतो. एसक्यूलाइटला फाइल नीट लॉक करता आली पाहिजे, आणि शेअर्ड फोल्डरवर त्या लॉकचा भरवसा नसतो. चालू टीएम गेस्टच्या डिस्कवर ठेवा, रोज संध्याकाळी तिची टीएमएक्स प्रत (वेगवेगळ्या टूल्सना वाचता येणारी) होस्टवर काढा.

आता बोला. शिव्या घातल्यात तरी चालतील, पण कारण देऊन घाला.

म्हापशेकार

कुळागरकर बाब, कारण देऊनच घालतो.

तुम्ही विंडोज सोडलं म्हणता आणि पहिल्याच परिच्छेदानंतर तेच परत बसवता. त्याला वेगळा परवाना लागतो, हे लिहायला विसरलात की मुद्दाम गाळलंत? लॅपटॉपबरोबर आलेला ओईएम परवाना त्या यंत्राला बांधलेला असतो. व्हीएममध्ये टाकलेलं विंडोज ही वेगळी प्रत धरली जाते. कॅट टूलचा परवानाही ज्या मशीनवर चालू केला त्याच मशीनला ओळखतो. व्हीएम दुसरीकडे उचलून नेलं किंवा त्याचं आभासी हार्डवेअर बदललं तर ओळख पटेलच असं नाही. तेव्हा ‘नवा लॅपटॉप घेतला की फोल्डर उचलून ठेवलं’ अशी स्वप्नं नवीन पोरांना कोणी दाखवू नयेत. आधी परवाना मोकळा करायचा, मग हलवायचं.

आणि कळफलकाचं काय? व्हीएम चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवा कंट्रोल ही मुळातच ‘होस्ट की’, म्हणजे खुद्द व्हर्च्युअलबॉक्सला हुकूम द्यायची कळ असते. भाषांतर करणारा माणूस दिवसभर कंट्रोल-एंटर मारत सेगमेंट (मजकुराचे वाक्यावाक्याचे तुकडे) पक्के करत असतो. उजवा कंट्रोल दाबलात तर ते गेस्टपर्यंत पोचतच नाही. कॉपी करायला उजवा कंट्रोल आणि सी दाबलं की खिडकी स्केल मोडमध्ये जाते. सगळ्यात भारी म्हणजे शोधा-आणि-बदलासाठी उजवा कंट्रोल आणि एच. तो तर गेस्टला ‘बंद हो’ असा निरोप असतो! डेडलाइनच्या रात्री ही गंमत कोणाला हवी आहे?

माझा उपाय कंटाळवाणा आहे. आठव्या पिढीचा किंवा पुढचा इंटेल प्रोसेसर असलेला, कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला वापरलेला लॅपटॉप घ्या. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालतं. प्रो आवृत्ती असली तर तो कोपऱ्यात ठेवा आणि लिनक्सवरून रेमिना या प्रोग्रामने रिमोट डेस्कटॉप लावा, म्हणजे दुरूनच तो चालवा. पडदा तुमचाच, कळफलक तुमचाच. लिनक्सची रॅम लिनक्सला, विंडोजची विंडोजला.

कुळागरकर

म्हापशेकार, होस्ट की पसंतींमध्ये जाऊन एका मिनिटात बदलता येते. मी ती स्क्रोल लॉकवर ठेवली आहे. त्या बापड्या कळीला जन्मात पहिल्यांदा काम मिळालं. परवान्याचं मान्य, विंडोजचे पैसे मोजावे लागतात. पण तुमच्या कोपऱ्यातल्या लॅपटॉपलाही बॅटरी, चार्जर, डिस्क आहेच की. जूनमध्ये वीज दिवसातून चारदा जाते तेव्हा दोन यंत्रं आणि मधला राउटर असं तिघांना इन्व्हर्टरवर कोण सांभाळणार? राउटर गेला की तुमचा रिमोट डेस्कटॉप गेला. माझं सगळं एका बॅटरीवर चालतं.

तिठ्यावरचा

थोडक्यात, यजमान उपाशी आणि पाहुणा तुपाशी. चालू द्या.

सुलभा_पर्वरी

मी मॅकवाली आहे, एम-मालिकेच्या चिपवरची. दोघांचीही भांडणं इंटेलच्या जगातली आहेत, इकडचा हिशेब वेगळा.

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आणली तेव्हाच बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज चालवायची सोय) संपला, त्यामुळे आमच्यापुढे व्हीएम किंवा दुसरं यंत्र एवढेच पर्याय उरले. या मॅकवर चालते ती विंडोज ११ ची आर्म (इंटेलहून वेगळ्या जातीच्या चिपसाठीची) आवृत्ती. पॅरलल्स या व्हीएमच्या प्रोग्राममधून ती चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. तसाच दुसरा प्रोग्राम, व्हीएमवेअर फ्यूजन, नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, धंद्याच्या कामालासुद्धा. पण कॅट टूल लिहिलंय इंटेलच्या प्रोसेसरसाठी. म्हणजे मॅकच्या आत व्हीएम, त्यात आर्मचं विंडोज, आणि ते विंडोज इंटेलचा प्रोग्राम अनुकरणाने चालवणार. एवढ्या थरांतून गाळून आलेल्या वेगाबद्दल माझी तक्रार नाही. सेगमेंट टाइप करताना फरक जाणवत नाही. जाडजूड टीएम आयात करताना किंवा शेकडो फायलींचं विश्लेषण लावताना मात्र चहा करून यावा. ८ जीबीचा मॅक असेल तर या भानगडीत पडूच नये. त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही.

म्हापशेकार दादा, तुमचा जुना लॅपटॉप मला पटतो, पण मी आठवड्यातले निम्मे दिवस बेळगावला सासरी असते. दोन लॅपटॉप घेऊन चोर्ला घाट चढायची माझी तयारी नाही.

एक मात्र सगळ्यांना सांगते: अशा मांडणीत काही अडलं तर टूलवाली कंपनी मदत करते की ‘आमचा आधार फक्त खऱ्या विंडोजला’ म्हणून हात वर करते, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

दस्तवाचक (पणजी)

बाबांनो, तुमचं वाचून गंमत वाटली. माझ्याकडे येतात ते पोर्तुगीज अमदानीतल्या विक्रीपत्रांचे आणि वाटणीच्या इन्व्हेंटरी प्रकरणांचे कागद. हाताने लिहिलेले, शाई उतरलेली, कडेला वाळवीने आपला वाटा घेतलेला. कोर्टासाठी इंग्रजीत करून द्यायचे. यात कुठलं कॅट टूल आणि कुठलं व्हीएम? स्कॅनवर सेगमेंट पडत नाहीत. भिंग, वर्ड आणि सवय, एवढ्यावर काम होतं. गोव्यातल्या निम्म्या भाषांतराला या वादाशी देणंघेणं नाही. पोरं मात्र एखादा दस्त वाचायला शिकण्याआधी सॉफ्टवेअर विकत घेतात.

कुळागरकर

काका, तुमच्या कामाला हात जोडतो. पण नोटरीच्या दस्तांची सुरुवात, शेवट, साक्षीदारांचा मजकूर, चतुःसीमा लिहायची पद्धत, हे पानोपानी तेच तेच असतं ना? एकदा मूळ मजकूर टाइप करून घेतला तर टीएम ते पुढच्या दस्तात आपणहून आणून देईल.

दस्तवाचक (पणजी)

टाइप करून घेतला तर! तो वाचून टाइप करणं हेच तर नव्वद टक्के काम आहे. ते झालं की इंग्रजी आपोआप बोटांतून येतं. आणि चतुःसीमेत एक नाव चुकलं तर माणसाची बागायत शेजाऱ्याच्या नावावर दिसते. तिथे यंत्राने आणून दिलेलं जुनं वाक्य मला नकोच.

अर्धा_र

कोणी मूळ रोगावर बोलेना म्हणून लिहितो. व्हीएममध्ये देवनागरी टाइप करताना होस्टचा मराठी कळफलक गेस्टमध्ये उपयोगाचा नसतो. गेस्टला फक्त कुठली कळ दाबली ते कळतं. अक्षर कुठलं उमटवायचं ते गेस्टचं विंडोज ठरवतं. म्हणजे इनस्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाण कळफलक) दोन्हीकडे बसवावा लागतो. बरेच जण होस्टवर एक फोनेटिक पद्धत आणि गेस्टमध्ये दुसरी वापरतात, आणि इथे घोळ सुरू होतो.

‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ आणि हलन्त. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबून हेच होतं. दोन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. टीएमच्या लेखी वेगळे. मराठीतून इंग्रजीत जात असाल तर शंभर टक्के जुळणारं वाक्य खाली घसरतं. इंग्रजीतून मराठीत येत असाल तर जुळणी बिघडत नाही, कारण ती मूळ भाषेवर होते. पण मराठी बाजूचा कॉन्कॉर्डन्स शोध (टीएममध्ये एखादा शब्द कुठे कसा वापरला ते पाहणं) अर्धी उदाहरणं दाखवतच नाही आणि शब्दसूचीची तपासणी खोट्या चुका काढते. दुरुस्ती सोपी आहे. टीएमएक्स काढा, मजकूर-संपादकात एक रूप शोधून दुसऱ्याने बदला, परत आत घ्या. ती कधीच न करणारे लोक मात्र ‘व्हीएममुळे मॅचिंग बिघडलं’ म्हणून बोंब मारत हिंडतात.

मुक्तछंदी

एवढ्या लांबलचक धाग्यात ओमेगाटी या मुक्त कॅट टूलचं नाव नाही? २००० साली सुरू झालेला प्रकल्प, जीपीएल परवाना, जावावर चालतो, म्हणून विंडोज-मॅक-लिनक्स सगळीकडे सारखाच. प्रकल्प म्हणजे साधा फोल्डर, टीएम थेट टीएमएक्समध्ये. कुठला एसक्यूलाइट नाही, लॉक नाही, परवाना मोकळा करणं नाही. जावा ९ पासून अक्षरजुळणी हार्फबझ या अक्षरं जोडणाऱ्या इंजिनाकडे गेल्यामुळे जोडाक्षरांची जुनी रडगाणीही उरली नाहीत. ट्राडोसचं पॅकेज म्हणजे शेवटी झिपच. उघडा, आतली फाइल भाषांतरित करा.

तुम्ही सगळे गुलामीचा पिंजरा आतून सजवताय.

कुळागरकर

उघडता येतं हो, परत पाठवायचं काय? एजन्सीला रिटर्न पॅकेज हवं असतं, नुसती फाइल नाही. प्रकल्प सांभाळणारी मुलगी एका बटणावर ते आत घेते. तिला झिप उघडून हाताने फायली बसवायला लावलं तर पुढचं काम दुसऱ्याला जातं. थेट ग्राहकाच्या कामाला मी ओमेगाटीच वापरतो, तेही लिनक्सवर. दोन्ही टूल्स टीएमएक्स वाचतात, त्यामुळे टीएम इकडून तिकडे जाते.

सुलभा_पर्वरी

मुक्तछंदी, पिंजऱ्यातून बाहेर पडायचं असेल तर मधली वाट आहे. कॅफेट्रान हे कॅट टूल मॅक आणि लिनक्सवर चालतं, स्टुडिओची पॅकेजं उघडतं आणि रिटर्न पॅकेजही बनवतं. फुकट नाही. शिवाय एजन्सीने सर्व्हरवरची टीएम जोडून दिली असेल तर तिथे ट्राडोसला पर्याय नाही, आधीच सांगते.

नवशिकी_डिचोली

सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझ्याकडे जुना आय३ लॅपटॉप आहे, सहाव्या पिढीचा, ८ जीबी रॅम. विंडोज ११ त्यावर येत नाही म्हणून भावाने उबुंटू घालून दिलंय. एका एजन्सीने चाचणी घेतली, पुढच्या महिन्यापासून मराठीचं काम देणार म्हणतात, पण ट्राडोस पाहिजे. कुळागरकर दादा, यावर व्हीएम करू का?

कुळागरकर

नको.

म्हापशेकार

आं? मग एवढा वेळ मी काय सांगत होतो?

कुळागरकर

तुम्ही सगळ्यांसाठी सांगत होता, मी हिच्यासाठी सांगतोय. ज्या मशीनला विंडोज ११ बाहेरून झेपत नाही त्याच्या पोटात ते लिनक्सबरोबर कोंबलं तर दोन्ही घुसमटतात. १६ जीबीचं यंत्र असतं तर माझं उत्तर ‘कर’ असंच असतं.

ताई, एजन्सीला आधी विचार की त्यांचं काम पॅकेजमधून येतं की ब्राउझरमधून. हल्ली बऱ्याच जणांकडे ऑनलाइन संपादक असतो, तो उबुंटूवरच्या फायरफॉक्समध्येही उघडेल. ब्राउझर चालत असेल तर एक पैसा खर्च करू नकोस. पॅकेजच असेल तर ट्राडोसची चाचणी आवृत्ती भावाच्या किंवा मैत्रिणीच्या विंडोजवर घालून पहिलं काम करून दे, आणि बिल वटल्यावर यंत्राचा विचार कर.

म्हापशेकार

आणि यंत्र घेशील तेव्हा आठवी पिढी, १६ जीबी, एसएसडी. म्हापशात शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी येऊ नकोस, गाडी लावायला जागा मिळत नाही.

अर्धा_र

तोपर्यंत उबुंटूवर इनस्क्रिप्ट शिकून घे. पुढे विंडोजवर गेलीस तरी मांडणी तीच आहे.