जनुकं गप्प करणारी प्रथिनं: कॅन्सरवर खरा इलाज की नुसता गाजावाजा?

धरमपेठकर: कॅन्सर म्हटलं की आपण जनुक बिघडलं असं धरून चालतो. पण कितीदा जनुक धडधाकट असतं, ईझेडएच२ सारखं प्रथिन त्याला गप्प बसवतं. डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर ते मिथाइल ही छोटी रासायनिक खूण चिकटवतं आणि वाढ रोखणारी जनुकं वाचलीच जात नाहीत. ही खूण पुसता येते. टॅझेमेटोस्टॅट हे औषध याच प्रथिनाला अडवतं, अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. संशोधनाचा पैसा आता इथेच लागावा.

वैनगंगा: इथेच? जरा दमानं, भाऊ. एपिथेलिऑइड सार्कोमा या दुर्मीळ कॅन्सरच्या ज्या चाचणीवर ती मान्यता मिळाली, त्यात ६२ रुग्ण होते. गाठ नीट आक्रसली ती १५ टक्क्यांची. शिवाय रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये हेच प्रथिन रखवालदार असतं, ते निकामी झालं की रोग बळावतो. औषधाच्या माहितीपत्रकातच नवा रक्ताचा कॅन्सर होण्याचा इशारा आहे.

खर्राबंद: इथं पोट्टे पानठेल्यावर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात कोंबते, तोंड उघडेनासं झालं तरी दवाखान्यात जात नाही. त्याले तुमचं ईझेडएच२ काय करन?

धरमपेठकर: तोंडाच्या कॅन्सरमध्येही पी१६ हे वाढ रोखणारं जनुक बऱ्याचदा मिथाइल बसून गप्प झालेलं सापडतं. विषय पानठेल्यापासून लांब नाही.

वर्धारोडची: बाबांना एमडीएस होता, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा कॅन्सर. अ‍ॅझासिटिडीन हे औषध चालू होतं. तेही याच जातीचं, डीएनएवर मिथाइल बसवणाऱ्या प्रथिनाला अडवणारं. अमेरिकेत २००४ पासून आहे. दर महिन्याला सलग सात दिवस पोटावर सुई. औषध दुधाळ, खाली बसतं, म्हणून सिस्टर टोचण्याआधी सिरिंज तळहातांत घोळवायच्या. सुरुवातीला रक्तपेशी आणखीच घसरल्या, काका म्हणाले बंद करा. मग हळूहळू रक्त चढवणं कमी झालं. बरे नाही झाले, पण लेकीच्या घरच्या मुंजी-बारशांना उभे राहिले. याला गाजावाजा म्हणू नका.

वैनगंगा: ताई, त्या औषधाला विरोध नाहीच. रक्ताचे सोडून इतर, घट्ट गाठींच्या कॅन्सरवर मात्र ही औषधं एकटी फारशी चाललेली नाहीत. आणि फॉलिक्युलर लिम्फोमा या लसीकापेशींच्या कॅन्सरमध्ये टॅझेमेटोस्टॅटचा गुण ईझेडएच२ च्या जनुकात म्युटेशन (बदल) असलेल्या ६९ टक्के रुग्णांना आला, नसलेल्यांत जेमतेम त्याच्या निम्म्यांना. म्हणून आधी तपासणीवर खर्च करा.

खर्राबंद: ते तपासणी नागपुरात होते का? का बायोप्सीचा तुकडा मुंबईले धाडा लागते? हे सांगा ना आधी.