मदत हवी आहे : चित्रपुस्तकातील वस्तू मुले मोजतात, पण ‘किती?’ विचारले की अडतात

सर्वांना नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात मी चार ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी चालवते. वर्गात १८ मुले आहेत. त्यांतील ११ जणांच्या घरी तेलुगू बोलली जाते, दोघांच्या घरी कन्नड आणि बाकीच्यांच्या घरी मराठी. अंकांचे तक्ते पाठ करून घेण्याऐवजी या वर्षी मोजणी आणि सुरुवातीची बेरीज-वजाबाकी चित्रपुस्तकांच्या आधारे शिकवायची, असे मी ठरवले. मुले पुस्तकांत रमतात, एकेक पान पुन्हा पुन्हा मागतात. तरीही गणित म्हणून जे पोहोचायला हवे ते पोहोचत नाही, असे जाणवल्यामुळे लिहीत आहे.

मुख्य अडचण अशी आहे. पानावरच्या सात चिमण्यांवर क्रमाने बोट ठेवत मूल ‘एक, दोन, तीन’ करत सातपर्यंत बिनचूक जाते. पण लगेच ‘मग किती चिमण्या आहेत?’ असे विचारले, की ‘सात’ न म्हणता पुन्हा पहिल्या चिमणीपासून मोजू लागते. शेवटचा उच्चारलेला अंक हा त्या एका चिमणीचा नसून साऱ्या थव्याचा आहे, हे त्याच्या लक्षात आलेले नसते. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची जी पाच तत्त्वे मांडली, त्यांत एकास एक संगती (प्रत्येक वस्तूला एकच अंक) आणि अंकांचा ठरलेला क्रम यांच्या बरोबरीने हे एक स्वतंत्र तत्त्व म्हणून येते. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांना पहिली दोन जमतात, तिसऱ्यापाशी ती थांबतात.

पुस्तकाची म्हणून एक मर्यादा इथे आड येते. चित्रातील चिमणी उचलून बाजूला ठेवता येत नाही, त्यामुळे कोणती मोजून झाली आणि कोणती राहिली हे मुलाला आठवावे लागते, आणि चिमण्या पानभर विखुरलेल्या असतील तर एखादी हमखास दोनदा मोजली जाते. यावर उपाय म्हणून मी प्रत्येक चिमणीवर एक चिंचोका ठेवायला लावते आणि नंतर ते चिंचोके एका वाटीत गोळा करायला सांगते. वाटीत किती, याचे उत्तर आता बरीच मुले न मोजता देतात. मात्र ‘म्हणजे पानावर चिमण्या किती?’ असे विचारताच निम्मी मुले पुन्हा पानाकडे वळून मोजायला लागतात. गेल्या आठवड्यात मी क्रम बदलून पाहिला. ‘या पानावर चार चिमण्या आहेत, चला मोजून पाहू’ असे आधी सांगून मग मोजले. तीन-चार वस्तूंच्या पानांवर याचा चांगला उपयोग झाला, कारण तेवढ्या वस्तू मुलांना न मोजताही एका नजरेत कळतात. सहा-सात वस्तूंच्या पानांवर मात्र फरक पडला नाही. इथून पुढे कसे जावे, हे मला सर्वांत आधी विचारायचे आहे.

दुसरी गोष्ट भाषेची आहे आणि ती सोलापूरकरांना चटकन कळेल. तेलुगूत एकवीसला ‘इरवै ओकटि’ म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग एक. कन्नडमधला ‘इप्पत्तोंदु’ही त्याच वळणाचा आहे. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. त्यामुळे मोठ्या गटातील मुले ‘एकवीस’ ऐकून १२ लिहितात. ‘एकोणतीस’ हा शब्द तर तिशीचा वाटतो आणि संख्या विशीतली असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ ही रीत ‘एकवीस’च्या सोबतीने आली, तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली होती, परंतु माझ्या वर्गातील तेलुगू मुलांकडे पाहताना ती रीत मला फार उपयोगाची वाटते. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर अनेक गोष्टी मराठीत आणि तेलुगूतही मिळतात व त्या छापून घेण्याची मुभा आहे. अशी पुस्तके वाचताना आधी घरच्या भाषेत मोजून मग मराठीत मोजावे, की दोन्ही भाषा एकाच बैठकीत आणल्यास मुले गोंधळतील?

वजाबाकीच्या चित्रांनी तर माझीच पंचाईत केली. तारेवर पाच पक्षी बसले आहेत आणि दोन उडत आहेत, असे चित्र दाखवल्यावर मुले सरळ सात म्हणतात, आणि त्यांचे काही चुकत नाही, कारण डोळ्यांसमोर सातच पक्षी आहेत. आधी काय होते आणि नंतर काय उरले, हे एका स्थिर चित्रात मावत नाही. त्यासाठी पान उलटावे लागते. म्हणून मी स्वतःच एक पुस्तक काढायला घेतले. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतील सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्या) सगळ्या मुलांनी पाहिलेले असल्यामुळे मोजणीच्या पुस्तकात तेच आहेत. पण ते पानागणिक कमी होताना दाखवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून वजाबाकीच्या पुस्तकासाठी दुरडीतील पाच ज्वारीच्या भाकरी घेतल्या. दर पानावर घरातले कोणीतरी जेवायला बसते आणि एक भाकरी कमी होते. आधी मी भाकरींची चवड काढली होती, पण चवडीतील भाकरी मुलांना मोजता येईनात, म्हणून आता त्या सुट्या, पसरून काढल्या आहेत. संपलेल्या भाकरीची जागा पुढच्या पानावर तुटक रेषेने दाखवावी, की ती पूर्ण रिकामी ठेवून मुलांना आठवायला लावावे, हे ठरत नाही. तुटक रेषा काढली की काही मुले तिलाही भाकरी समजून मोजतात.

बालवाडीत किंवा पहिली-दुसरीच्या वर्गात ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा, विशेषतः सात-आठ वस्तूंच्या पानावर ‘किती?’चे उत्तर मुले कशाने देऊ लागली ते. भाकरीच्या पुस्तकाची उरलेली पाने मी या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोरी ठेवली आहेत.