मदत हवी आहे : डोरेमॉनला कान नाहीत, मग ऐकू कसं येतं?

नमस्कार मंडळी,

माझी लेक चौथीत आहे. येत्या शनिवारी वर्गात 'माझा आवडता नायक' यावर प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचंय. हिने डोरेमॉन घेतलाय, म्हणजे कार्टूनमधलं ते भविष्यातून आलेलं निळं यंत्र-मांजर, पोटावरच्या खिशातून गॅजेट काढणारं. त्याच्या गॅजेटवर मात्र ती बोलणार नाही. तिचा विषय आहे 'त्याचं काय काय बिघडलंय'.

थोडं घरचं सांगते. लेकीच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत, अडीच वर्षांची असल्यापासून. घरात आम्ही 'मशीन' म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एक नवीन मुलगा आला, त्याने सगळ्यांसमोर "हे कानात काय घातलंय?" असं विचारलं. घरी येऊन ती गप्प गप्प होती, जेवलीही नाही नीट. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना म्हणाली, "आई, डोरेमॉनला तर कानच नाहीत. तरी काही झालं की सगळे त्याच्याकडेच पळतात." तेव्हापासून एका वहीत लिहून ठेवते. टीव्हीवर हिंदीत बघते, त्यामुळे वहीत अर्धं हिंदी, अर्धं मराठी.

आतापर्यंत वहीत आलंय ते असं. कान उंदराने कुरतडले. उंदीर दिसला की तो थरथरतो. शेपटीचा लाल गोळा ओढला की बंद पडतो. हात गोल, म्हणून दगड-कागद-कात्रीत त्याचा कायम दगडच. आणि घाबरला की खिशातून हवं ते सोडून भलतंच काहीतरी काढतो.

मी अडले आहे ते इथे:

तो निळा कशामुळे झाला? मैत्रीण म्हणते घाबरून, लेक म्हणते रडून.

तो कधी पूर्ण बंद पडून पुन्हा दुरुस्त झालाय का? हे तिला फार महत्त्वाचं वाटतंय.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे, कान नाहीत तर त्याला ऐकू कसं येतं? मी म्हटलं, "आत मशीन असेल." ती म्हणाली, "असेल नको, नक्की सांग." मला तिला खोटं सांगायचं नाहीये. ज्यांनी मूळ जपानी वाचलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद :

ताई, पुण्यात जपानी शिकले, तेव्हा वाचनाचा सराव याच पुस्तकांवर केला. त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी निळ्या रंगाचं. दोघींचंही बरोबर आहे. फुजिको एफ. फुजिओ यांनी ही गोष्ट १९७० च्या जानेवारी अंकांपासून सहा मासिकांत एकदम सुरू केली. त्यातली चार पहिली ते चौथीच्या मुलांची, म्हणजे एक थेट तुमच्या लेकीच्या इयत्तेचं! इतकी वर्षं गोष्ट चालली, त्यामुळे तपशील बदलत गेले. जुन्या माहितीत तो आरशात स्वतःला बिनकानाचा बघतो आणि धसक्याने निळा पडतो. १९९५ मध्ये त्याच्या जन्माची गोष्ट सांगणारा चित्रपट आला, त्यात सविस्तर आहे. डोरेमॉन ज्या मुलाच्या घरी राहतो त्या नोबिताचा खापरपणतू सेवाशी मातीचा डोरेमॉन करत असतो. कान नीट जमावेत म्हणून तो यंत्र-उंदराला कामाला लावतो, आणि उंदीर खऱ्या डोरेमॉनचेच कान कुरतडतो. दवाखान्यात उरलेले कानही जातात. डोरेमॉनची मैत्रीण त्याचं डोकं बघून हसते. मन हलकं करणारं औषध प्यायचं, तर चुकून दुःख वाढवणारं पितो, आणि इतका रडतो की अंगाचा पिवळा रंग गळून पडतो. आवाजही तेव्हाच घोगरा झाला. धाकटी बहीण डोरामी पिवळी आहे, ती बघितली की आधी तो कसा दिसत असेल ते कळतं.

वहीत आणखी तीन गोष्टी लिहायला सांगा. छापील माहितीत नाक माणसाच्या वीसपट वास घेणारं, मिशा रडारच्या आणि गळ्यातली घंटा मांजरं बोलावणारी, अशी नोंद आहे. आणि तिन्ही सध्या नादुरुस्त! कानांबद्दल लिहिलंय की ते नसले तरी त्याला माणसाइतकं ऐकू येतं. म्हणजे ती मांजराची खास ताकद गेली, साधं ऐकणं राहिलं.

तिला आवडेल अशी एक गोष्ट. त्याची उंची १२९.३ सेंटिमीटर, जपानमधल्या तेव्हाच्या चौथीच्या मुलांच्या सरासरी उंचीइतकी. वजन १२९.३ किलो आणि उंदरापासून पळण्याचा वेगही ताशी १२९.३ किलोमीटर.

प्रतिसाद :

बंद पडण्याबद्दल मी सांगतो. आम्ही शाळेतून येऊन दप्तर टाकलं की टीव्हीसमोर बसायचो, त्या पिढीतला मी.

१९९३ चा 'नोबिता अँड द टिन लॅबिरिन्थ' हा चित्रपट आहे, त्यात यंत्रमानवांनी माणसांना गुलाम केलेलं असतं. शत्रू डोरेमॉनला पकडतात, विजेचे झटके देतात, तो पार निकामी होतो आणि त्याला समुद्रात टाकून देतात. लहानपणी मला तो भाग बघवला नव्हता, मी उठून स्वयंपाकघरात गेलो होतो. पुढे नोबिता आणि त्याची मैत्रीण शिझुका डोरेमॉनचा जादाचा खिसा शोधतात आणि छोटे मिनी-डोरा त्याला दुरुस्त करतात. तिला सांगा, तो पूर्ण बंद पडला होता, आणि उठला.

उंदराच्या भीतीचा सगळ्यात मोठा पुरावा मूळ कॉमिक्सच्या सातव्या खंडात आहे. घरात एक उंदीर शिरतो आणि डोरेमॉन आधी रणगाडा उडवणारी बंदूक काढतो, मग इमारतीचा क्षणात धूर करणारी, आणि शेवटी पृथ्वी उडवणारा बॉम्ब! नोबिता आणि त्याची आई धावून त्याला धरतात. ज्याच्या खिशात एवढं सगळं आहे तोही एका गोष्टीला इतका घाबरतो, आणि त्याला आवरणारं घरातलंच कुणीतरी असतं. हे वर्गात सांगितलं तर सगळ्यांना कळेल.

प्रतिसाद :

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी आहे, रोज तुमच्या लेकीएवढ्या मुलांबरोबर असते. तिने विचारलेला प्रश्न फार नेमका आहे.

बाहेर दिसतो तो कान म्हणजे आवाज गोळा करणारं नरसाळं. मांजर ते वळवून आवाज कुठून आला ते शोधतं. खरं ऐकणं होतं आत, शंखासारख्या एका छोट्या भागात. तिथल्या केसासारख्या बारीक पेशी आवाजाचा संदेश पुढे मेंदूकडे पाठवतात. बाहेरचं नरसाळं नसलं, पण आतली वाट आणि शंख शाबूत असला, तरी ऐकू येतं. डोरेमॉनचं तसंच समजा. लहानपणापासून श्रवणयंत्र लागणाऱ्या बहुतेक मुलांचं याच्या उलट असतं, बाहेरचे कान छान आणि आतल्या पेशी कमी. यंत्र त्या पेशी दुरुस्त करत नाही, आवाज मोठा करून उरलेल्यांपर्यंत पोचवतं. तुमच्या लेकीचं नेमकं काय आहे ते तिच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर असेल. तो घेऊन बसा आणि तिलाच वाचायला शिकवा. चौथीच्या मुलीला नक्की येतं.

एक विनंती. 'डोरेमॉनसारखी तूही बरी होशील' असं कुणी तिला म्हणू नका. त्याचे कान परत आले नाहीत. तो तसाच आहे.

मूळ लेखिका :

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. सगळं तिला वाचून दाखवलं. समुद्राचा भाग दोनदा वाचायला लावला.

'उलट आहे' हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आरशासमोर जाऊन मशीन काढलं, कान हाताने दुमडून बघितला, पुन्हा घातलं. म्हणाली, "म्हणजे त्याचं बाहेरचं गेलं आणि माझं आतलं. आम्ही दोघं मिळून एक पूर्ण." ताई, मी ऑडिओग्रामची फाइल कपाटातून काढली आहे. इतकी वर्षं ती फक्त डॉक्टरांना दाखवायला काढायची.

दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. शेवटची १२७. तिने वर १२९.३ ची रेघ मारून शेजारी निळा गोल काढलाय.

मशीनच्या बॅटरीला नारिंगी चिकटपट्टी असते. ती काढून बॅटरीला मिनिटभर हवा लागू द्यायची, मग आत बसवायची. त्या पट्ट्या ती टाकू देत नाही, कंपासपेटीच्या झाकणाला चिकटवते. काल वहीच्या पहिल्या पानावर मोठा डोरेमॉन काढला आणि डोक्यावर दोन्ही बाजूंना एकेक पट्टी लावली. मी विचारलं, हे त्याचे कान का? तर म्हणाली, "नाही, हे माझे. त्याला दाखवायला."

शाळा सकाळी साडेसातला भरते. बॅटरी शुक्रवारी रात्रीच बदलून ठेवते.